बुटाला लावलेली भाकर

भुजंगाबद्दल कुनी इचारलं की अजून माझ्या कपाळाला आठ्या पडतेत. आता वय झालंय, दात गेलेत, त्यो कुठं असंल, हाय का न्हाई, काही ठाऊक न्हाई. तरीबी त्याचं नाव निघालं की पोटात दुखतं. गावात दोन-चार म्हातारे अजून त्याची तारीफ करतेत. करू द्या, त्यायला काय जातं तारीफ करायला? पन त्याचं खरं काय झालं ते माझ्याशिवाय गावातल्या जित्या मानसात कुनालाच ठाऊक न्हाई. म्हनून सांगतो, अन् काही लपवून न ठेवता सांगतो.

मी लिंबाजी. राणीसावरगावच्या आबासाहेबांच्या गढीवर माझा बाप जोडे सांभाळायचा, त्याच्या मागं मी. आबासाहेब म्हंजी तीन गावात जमीन असलेला मानूस, गंगाखेडच्या तहसीलदाराच्या मांडीला मांडी लावून बसनारा. त्यायच्या ओसरीवर चढताना उजव्या हाताला एक सपाट दगड व्हता. ती माझी जागा. बैठकीला येनाऱ्यानं उंबऱ्याभाईर जोडा काढायचा, मी त्यो उचलून भिंतीकडंला लावायचा, अन् मानूस उठला की न इचारता ज्याचा त्याचा जोडा त्याच्या पुढ्यात, तोंड भाईर करून ठेवायचा. चाळीस जोडे असले तरी माझ्या हातनं कधी अदलाबदल झाली न्हाई. आत जानारा हरेक मानूस आधी माझ्याकडं वाकून हळूच इचारायचा, लिंबाजीदादा, मालकाची मर्जी आज कशी हाय? जोडे उचलनारा म्हनून कुनी मला हलकं समजत असंल तर समजो बापडा. त्या दगडावर मला जी इज्जत व्हती ती पाटलाच्या पोरालाबी नव्हती.

कातडं कसं सांभाळावं ते बापानं शिकवलं. भिजला जोडा उन्हात ठेवायचा न्हाई, चुलीजवळ तर बिलकुल न्हाई. आत तुरीचं भुसकट कोंबायचं अन् दोन दिस सावलीला ठेवायचा. एरंडीचं तेल कोमट करून त्यात कडुलिंबाचा पाला उकळायचा, म्हंजी कीड लागत न्हाई, अन् ते तेल बोटानं वरच्या कातड्यात जिरवायचं. तळव्याला मात्र लावायचं न्हाई. कामून, तर जोडे शिवनाऱ्या आश्रुबानं आबासाहेबांच्या तांबड्या जोड्याच्या तळव्यात, दोन कातड्यांमधी, वाळल्या बिया घातल्या व्हत्या. चालताना त्यो करकर वाजायचा. आबासाहेब वेशीतून आत आले की त्या आवाजानंच गढीतल्या बाया पदर सावरायच्या. तळवा तेलानं मऊ पडला की आवाज बसतो. बारा वर्सं मी त्यो आवाज बसू दिला नव्हता, अन् त्याचा मला दिमाख व्हता.

माझी बायको दगडाबाई गढीच्या सैपाकघरात भाकऱ्या थापायची. आमी दोघंबी सालानं बांधलेले. साल पाडव्याला बदलायचं. पाडव्याच्या सकाळी आबासाहेब ओसरीवर उभं राहून ज्याला ठेवायचं त्याला नारळ अन् पटका द्यायचे, ज्याला न्हाई मिळाला त्यानं काय समजायचं ते समजायचं. मला कधी धाकधूक वाटली न्हाई. त्या दगडावर बसायला दुसरा आननार कुठून?

तर आनला. निजामाच्या फसली सालातला तेराशे सत्तेचाळीसचा दसरा. आबासाहेबांचा थोरला लेक किशनराव हैदराबादेत वकिली शिकायला व्हता, त्यो सुट्टीला आला. येताना बापासाठी बूट घेऊन आला. बूट बघून मी तर तोंड फिरवून हासलो. कातडं उलटं, आतली बाजू भाईर, लव वर आलेली, रंग हरनाच्या पाडसाचा. चमक म्हनून नावाला न्हाई. मला वाटलं, शहरातल्या कारागिरानं मालकाच्या लेकाला चांगलंच बनवलं. किशनराव म्हनला ह्याला साबर म्हनतेत, अन् हैदराबादेत बडे लोक हेच घालतेत. अन् म्हनला, ह्या बुटांना तेलाचा थेंबबी चालत न्हाई, म्हनून सांभाळायला मानूसबी आनलाय. मागं बैलांच्या दमनीतून एक मानूस उतरला, काखेत लाकडी पेटी. त्यो भुजंग.

वय तिशीचं. सडपातळ, नाक सरळ, कपडे धुतलेले. बोलायचा आपल्यासारखंच, कारन मूळचा पालमचा; पन मधीच ‘जी हुजूर’ म्हनून असा वाकायचा की समोरच्याला वाटावं आपनच नवाब. बाप लहानपनी मेला, आई तापात गेली, एका बैलाच्या व्यापाऱ्यासंगं पोरवयात हैदराबादला गेला, अन् तिथं कुन्या नवाबाच्या देवडीत, म्हंजी वाड्यात, घोड्यांना पानी दाखवता दाखवता जोड्यांच्या खोलीत शिरला. खोली, ऐका! नुस्त्या जोड्यांची खोली. तिथल्या चंद्रभान नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला सगळं शिकवलं. बारा वर्सं तिथं काढली, पन त्याला आपल्या मुलखात यायचं व्हतं. येना का! पन पालमला जायचं सोडून माझ्याच दगडावर यायचं काय नडलं व्हतं?

त्याच्या पेटीत घोड्याच्या केसांचा ब्रश, पितळी तारांचा एक बारका ब्रश, मेनाचा गोळा, मऊ फडकी अन् पायाच्या आकाराचे लाकडाचे दोन साचे. रोज सकाळी त्यो साबराचे बूट कोरड्या ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचा. लव कुठं बसली तर न्हानीतल्या हंड्याच्या वाफेवर बूट धरायचा, पुन्हा झाडायचा, मग साचे घालून फडक्यात गुंडाळून ठेवायचा. लेकराला पावडर लावावी तसा. मी बघायलतो अन् माझ्या अंगाचा तिळपापड व्हायलता.

बरं, त्यो साबरापुरताच ऱ्हायला असता तर चाललं असतं. न्हाई. माझ्या जोड्यांनाबी हात घातला. म्हनला, “दादा, कातड्याला येवढं तेल नका पाजू. फुगतं, अन् टाका सैल पडतो.” हळू आवाजात म्हनला, कुनाला ऐकू जानार न्हाई असं. पन आबासाहेबांनी ऐकलंच. त्यायनी तांबडा जोडा हातात घेतला, टाक्यावर अंगठा फिरवला, अन् खरंच एक टाका सैल. मग चार मानसांसमोर मला म्हनले, “लिंबाजी, भुजंगाकडून शिक जरा.”

शिक! माझ्या बापाची हाडं त्या ओसरीवर झिजली, अन् मी शिकायचं कालच्या पोराकडून! त्या दिशी मी जेवलो न्हाई. दगडाबाईनं इचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

हिवाळा आला तसा त्यो अजूनच चढला. पहाटंच्या गारठ्यात मालकाचे जोडे सोताच्या घोंगडीत गुंडाळून ठेवायचा, म्हंजी पाय घालताना मालकाला गार लागू नये. सोता निस्त्या धोतरावर काकडत बसायचा. आता मला सांगा, बारा वर्सांत मला हे कामून सुचलं नसंल? सुचलं न्हाई, बस. अन् सुचलं न्हाई याचाच जास्त राग. बैठकीला येनारे आता त्याला इचारायला लागले, भुजंगा, मालकाची मर्जी कशी हाय? माझ्याकडं बघायचे अन् पुढं जायचे. आमी दोघं त्या एका दगडावर बसायचो, निम्मा त्याचा, निम्मा माझा. त्यो तर सरकून मला जास्त जागा द्यायचा, ते तर मला बिलकुल सोसायचं न्हाई.

घरी जावं तर तिथंबी त्योच. दगडाबाईला भाऊ नव्हता. दिवाळीला तिनं मला न इचारता भुजंगाला भाऊबीजेला बोलावलं, पाटावर बसवलं, ओवाळलं. त्यानं तिला हैदराबादेतून आनलेल्या काचेच्या बांगड्या दिल्या. तवापासून ती त्याला भाऊ म्हनायची, त्यो तिला आक्का. संशय घ्यायला जागाच न्हाई, इतकं साधं नातं. अन् जागा नसली म्हंजी मत्सर आतल्या आत लय सडतो. तिनं त्याच्यासाठी पोरगीबी बघितली, पालममधीच, तिच्या मावसभावाची. पोरीच्या बापानं एकच अट घातली, पाडव्याला गढीवर कायम झाला तर लगीन लावू.

अन् नेमकं संक्रांतीनंतर आबासाहेब बोलून गेले की एका दगडावर दोन मानसं कशाला, पाडव्याला एकच ठेवू, दुसरा मळ्यात जाईल नांगराला. सगळ्यांसमोर बोलले. भुजंगानं मान खाली घातली. मी चाळिशी ओलांडलेला मानूस, बारा वर्सं सावलीत बसलेला, नांगराच्या मागं किती दिस टिकनार व्हतो? पन खरं सांगू का, नांगराचं भ्या मला कमीच व्हतं. मी मळ्यात जावं अन् त्यानं त्या दगडावर ऐसपैस बसावं, हे चित्र डोळ्यासमोर आलं की मला घास जायचा न्हाई.

शिमगा झाला, रंगपंचमी झाली. पाडव्याला दहा-अकरा दिस ऱ्हायले. गंगाखेडला तहसीलदाराच्या घरी दावत व्हती, अन् आबासाहेब साबराचे बूट घालून जानार व्हते. आदल्या दिशी दुपारी भुजंगानं बूट झाडून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले अन् न्हायला गेला. मी तिथंच बसून वहानांना तेल लावायलतो. वाटी हातात व्हती. बुटांजवळून उठलो अन् वाटी कलली. चुकून कलली असं मी तवा सोताला सांगितलं. खोटं. मी ती कलवली. एरंडीचं तेल उजव्या बुटाच्या पुढच्या भागावर पडलं अन् बघता बघता लिंबायेवढा काळा डाग पसरला. मला भ्याबी वाटलं, अन् बरंबी वाटलं. दोन्ही वाटलं.

भुजंग आला. बूट उचलला. डाग नाकाशी नेऊन वास घेतला. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलं. मला वाटलं आता बोंबलत मालकाकडं जाईल, मी म्हननार व्हतो की ह्यानंच निष्काळजीपना केला. पन त्यो तिकडं गेलाच न्हाई. बूट पदराखाली घ्यावा तसा उपरन्याखाली घेतला अन् सैपाकघराच्या अंगानं निघून गेला.

मी मागं मागं गेलो. त्यो गोठ्याच्या मागल्या बाजूला, कडब्याच्या गंजीआड बसला व्हता. पुढ्यात दोन शिळ्या, वाळून कडक झालेल्या जवारीच्या भाकऱ्या. त्यानं एक भाकर उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मग ती चुरली, बारीक चुरा केला, अन् त्यो चुरा डागावर पसरून फडक्यानं दाबून धरला. थोड्या येळानं तेल पिऊन काळा झालेला चुरा काढला, नवा टाकला. असं तीन-चारदा. मग उरलेला चुरा बोटांनी हळूहळू चोळला. मी तोंडात बोट घालून बघायलतो. भाकर! बुटावर! आमच्याकडं भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतेत, पाय लागला तर तोंडात मारून घेतेत. अन् ह्यानं भाकर बुटाला चोळली.

त्यानं मला बघितलं. लपवलं न्हाई. म्हनला, “दादा, तेल टिपायला माती लावली तर साबरावर पांढरा डाग कायमचा ऱ्हातो. हैदराबादेत डबलरोटीचा चुरा चोळतेत. इथं डबलरोटी कुठून आनू? भाकरीलाच हात जोडले. तुमी बघितलं ते तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या.” मी हो म्हनलं. आता ह्याला काय म्हनावं, ज्यानं तेल सांडलं त्याच्यावरच त्यानं भरवसा ठेवला. येडा म्हनावा तर येडा नव्हता.

डाग गेला. तारेचा ब्रश फिरवला, वाफ दिली, अन् बूट जसे आले तसे. मी संध्याकाळी दहादा जाऊन बघितलं, कुठं काही मागमूस? काही न्हाई. दुसऱ्या दिशी आबासाहेब तेच बूट घालून दावतीला गेले. परत आले ते फुलून आले. तहसीलदारानं म्हने सगळ्यांसमोर बुटांची तारीफ केली, इचारलं की खेड्यात राहून साबर इतकं नवं कसं ठेवता. आबासाहेबांनी ओसरीवर बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलं, पाडव्याचं नक्की झालं, दगड भुजंगाचा. भुजंगानं पाय शिवले. दगडाबाई सैपाकघराच्या दारात उभी व्हती, तिच्या डोळ्यांत पानी आलं, आनंदाचं. सोताच्या नवऱ्याची जागा गेली याचं न्हाई. भावाचं लगीन ठरलं याचं. ते पानी बघून माझं डोकं फिरलं.

मी सरळ आत गेलो, बाईसाहेबांकडं. बाईसाहेब म्हंजी आबासाहेबांच्या मालकीनबाई, बायनाबाई. लय करडी बाई. भाकरीच्या दुरडीला सोवळ्याशिवाय हात लावू द्यायच्या न्हाईत, अन् अन्न सांडलं तर सांडनाऱ्याला त्या दिशी उपाशी ठेवायच्या. मी हात जोडून म्हनलं, “बाईसाहेब, सांगू नये, पन गढीच्या अन्नाची बात हाय. भुजंग गोठ्यामागं बुटाला भाकर चोळायलता. मी ह्या डोळ्यांनी बघितलं.” डागाचं सांगितलं न्हाई. तेलाचं सांगितलं न्हाई. त्यानं आधी भाकर कपाळाला लावली व्हती, तेबी सांगितलं न्हाई. खोटं मी एक अक्षर बोललो न्हाई, हे मी नंतर लय दिस सोताला सांगत ऱ्हायलो.

बाईसाहेब तशाच उठल्या. त्या कधी ओसरीवर यायच्या न्हाईत, त्या दिशी आल्या, डोईवर पदर घेऊन, अन् जोत्याशी उभ्या ऱ्हायल्या. घरातली, गोठ्यातली सगळी मानसं जमली. आबासाहेबांना पटेना. त्यायनी भुजंगाला पुढं बोलावलं अन् इचारलं, खरं का? त्यानं मला एकदा बघितलं. मग म्हनला, खरं हाय, मालक. कामून, ते सांगायला त्यानं तोंड उघडलंच न्हाई. डाग कसा पडला, एवढं सांगितलं असतं तरी गोष्ट माझ्यावर उलटली असती. मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो.

मग बाईसाहेबांनी इचारलं, दुरडीतली भाकर त्याला दिली कुनी? सगळ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दगडाबाई पिठाचे हात तसेच घेऊन उभी व्हती. ती एक पाऊल पुढं आली, तिचे ओठ हालले. भुजंग तिच्याकडं न बघता घाईनं बोलला, “कुनी न्हाई दिली, बाईसाहेब. मीच आत शिरलो अन् काढली. न इचारता.”

झालं. बुटाला भाकर लावली ते एक, अन् आता वरून चोर. बिनसोवळ्यानं सैपाकघरात शिरलेला चोर. आबासाहेब खाली मान घालून बसले, त्यायला त्याचं वाईट वाटायलं व्हतं हे मला दिसायलं व्हतं, पन बाईसाहेबांपुढं ते काय बोलनार? बाईसाहेबांनी हुकूम दिला, मानूस अन् बूट दोन्ही गढीत नकोत, ज्या बुटाला अन्न लागलं ते ह्या घरात कुनी पायात घालनार न्हाई. भुजंगानं पेटी काखेत घेतली, बूट हातात घेतले, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला अन् पालमच्या वाटेनं चालू लागला. बूट हातातच धरले व्हते, कुठं टेकवले न्हाईत. पोरं त्याच्या मागं वेशीपर्यंत ओरडत गेली.

त्याच्या आधी बातमी पालमला पोचली. पोरीच्या बापानं दारातूनच परत पाठवलं, बुटाला भाकर लावनाऱ्याच्या घरी लेक देनार न्हाई म्हनला. दोन दिस बाजारतळावर दिसला म्हनतेत, कुनी काम देईना, कुनी पानी देईना. मग कुठं गेला कुनालाच ठाऊक न्हाई. हैदराबादला गेला असंल असं लोक म्हनायचे. मला ते ऐकून बरं वाटलं. हो, बरं वाटलं, आता कशाला लपवू? मी त्या दगडावर एकटा बसलो, पाय पसरून बसलो. येनारेजानारे पुन्हा मला इचारायला लागले, लिंबाजीदादा, मर्जी कशी हाय? नऊ दिस मी राजा व्हतो.

त्या नऊ दिसांत दगडाबाई माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. ताट वाढायची, तांब्या ठेवायची, निघून जायची. मी समजलो, भावाचं दुःख हाय, जाईल.

पाडव्याची सकाळ उजाडली. दारोदार गुढ्या उभ्या व्हत्या. आबासाहेबांनी ओसरीवर माझ्या हातात नारळ दिला, डोईला पटका बांधला. मी घरी आलो ते मिशीवर हात फिरवतच. दगडाबाई चुलीपुढं बसली व्हती. मी म्हनलं, बघ तरी कसा दिसतो. तिनं मान वर केली, पटक्याकडं बघितलं, अन् नऊ दिसांनी पहिल्यांदा बोलली.

“ती भाकर मी दिली व्हती.”

मी नारळ खाली ठेवला. ती पुढं बोलत गेली, आवाज न चढवता. भुजंग सैपाकघराच्या दारात आला व्हता, भाईरच उभा व्हता. आक्का, शिळी भाकर दे म्हनला, बुटावरचा डाग काढायचाय. तिनं दोन दिल्या. कशाचा डाग म्हनून तिनं इचारलं, त्यो म्हनला, तेल सांडलं. कुनी सांडलं, तर म्हनला, सांडलं आक्का, निघून जाईल. पन बुटाला येनारा कडुलिंबाचा वास तिनंबी घेतला व्हता. तसलं तेल अख्ख्या गावात एकच मानूस वापरतो, हे बायकोला सांगावं लागतं व्हय?

“मी पुढं झाले व्हते नाव सांगायला,” दगडाबाई म्हनली. “त्यानं बोलू दिलं न्हाई. माझं नाव आलं असतं तर बाईसाहेबांनी मला काढलं असतं, अन् माझ्यासंगं तुमाला. त्याला ते कळलं, तुमाला न्हाई कळलं. त्यानं सोताचं लगीन मोडून घेतलं अन् तुमाला दगडावर बसवलं. डोईवर बांधलाय ना, त्यो पटका त्यानं दिलाय तुमाला, मालकानं न्हाई.”

मी चुलीपाशी खाली बसलो. मला शरम वाटली का? वाटली. पन त्याच्याआधी काय वाटलं ते सांगतो. मला त्याचा मत्सर वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. जिंकलो म्हनून मी नऊ दिस मिरवायलतो, अन् ते जिंकनंबी त्याचंच निघालं. चांगुलपनातबी त्यानं माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं न्हाई. अन् माझी बायको, जिनं कधी माझी तारीफ केली न्हाई, ती त्याचं नाव घेताना पदरानं डोळे पुसायली.

ती म्हनली, “आता उठा. मालकाला जाऊन सगळं सांगा, तेलाचं अन् भाकरीचं. त्यायचं मन हाय त्याच्यावर, ते मानूस पाठवून त्याला बोलावतील, लगीनबी जमंल अजून. आपन दोघं मळ्यात राबू. मी तुमच्या आधी नांगराला जाईन.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी उठलो. पटका सोडून हातात घेतला, नारळ घेतला. सांगायचंच असं ठरवून निघालो, देवाशपथ. वळून बघितलं तर ती दारात उभी, मी खरंच जातोय का ते बघायली.

गढीपर्यंत वाट केवढी, हाकेच्या अंतराची. सगळी वाट मी शब्द जुळवत गेलो. मालक, तेल मी सांडलं. मालक, भाकर माझ्या बायकोनं दिली. मालक, भुजंगाचा काही गुन्हा न्हाई. तिन्ही वाक्यं पाठ झाली. ओसरीपाशी आलो. दगड उन्हात कोरडा, रिकामा पडला व्हता. आबासाहेब आतून भाईर येत व्हते, सनाचे कपडे, कपाळाला गंध. मला बघून थांबले. माझ्या हातातला पटका बघितला.

“काय रे लिंबाजी, काही सांगायचंय का?”

“न्हाई, मालक,” मी म्हनलं. “आज कोनते जोडे काढू?”